पुष्यातला ठिपका

रेश्मा कुबलने तो ठिपका पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटलं, कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली असेल. तिने काच पुसली आणि पुन्हा चित्र घेतलं. ठिपका होता तिथेच होता.

मालवणच्या बाजारपेठेत तिचं चष्म्यांचं दुकान होतं. नवरा विश्राम स्वतःची मच्छीमार बोट घेऊन तीन-चार दिवसांसाठी समुद्रात जायचा. मूलबाळ नव्हतं. दुकान बंद करून घरी आलं की संध्याकाळचे दोन तास तिचे एकटीचे असायचे, आणि ते ती गच्चीवर काढायची. दहा इंची आरशाची दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा आणि शेजारी टॅबवर उघडलेला आकाशपट.

आकाशपट हा आकाशाचा ऑनलाइन नकाशा होता. जगभरच्या मोठ्या दुर्बिणी दर रात्री सगळं आकाश टिपायच्या आणि ‘निरभ्र’ नावाची कंपनी ती चित्रं जोडून नकाशा ताजा ठेवायची. कुठलाही कोपरा बोटांनी मोठा करावा, आपलं चित्र त्याच्या शेजारी ठेवावं आणि तारा न तारा पडताळून घ्यावा. गावाबाहेरचा काळोख संपत चालला होता, अशा काळात हौशी लोकांना हा नकाशाच आकाशापेक्षा जवळचा झाला होता. अनेकांनी तर दुर्बिणी विकून टाकल्या होत्या.

त्या दिवशी पौषातली पौर्णिमा उलटून गेलेली, चंद्र उशिरा उगवणार होता. रेश्माने दुर्बीण पुष्य नक्षत्रातल्या ताऱ्यांच्या गुच्छावर लावली होती. नुसत्या डोळ्यांना तो धुरकट डाग दिसतो. दुर्बिणीतून त्यातले तारे सुटे होतात. तिला तो घरच्या अंगणासारखा माहीत होता. गुच्छाच्या खालच्या अंगाला, जिथे काही नसायला हवं, तिथे एक अतिशय मंद ठिपका होता. आकाशपटावर ती जागा रिकामी होती.

तिने चित्र आकाशपटाकडे पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं: ‘आपल्या चित्रात परावर्तनाचा दोष आढळला. सुधारित चित्र सोबत जोडले आहे.’ सोबत तिचंच चित्र होतं. सगळे तारे जागच्या जागी, फक्त ठिपका नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातही तो दिसला नाही. तिला बरं वाटलं. मग टॅबच्या कोपऱ्यातली छोटी सूचना दिसली: कॅमेऱ्याने सकाळी आपणहून नवं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं, आकाशपटाशी जुळणारं. रेश्माने इंटरनेट बंद केलं, जुनं सॉफ्टवेअर परत चढवलं आणि चित्र घेतलं.

ठिपका तिथेच होता. कालच्यापेक्षा थोडा ठळक.

तिने पुण्याला निनादला फोन लावला. निनाद मिठबावकर तिचा धाकटा भाऊ. लहानपणी याच गच्चीवर तिने त्याला हात धरून नक्षत्रं दाखवली होती. आता तो ‘निरभ्र’मध्ये होता, आणि चित्रं स्वच्छ करणारं यंत्र ज्यांनी तयार केलं त्यांतला एक होता. आई गेल्यापासून त्याचं मालवणला येणं कमी झालं होतं, बोलण्यातली मालवणीही गेली होती.

“ताई, आठवड्याला हजारभर लोक असं काही ना काही पाठवतात,” तो म्हणाला. “कुणाच्या भिंगावर बुरशी असते, कुणाच्या खिडकीची काच मध्ये आलेली असते.”

“माझा धंदा काचांचा आहे, निनाद.”

तो हसला. “बरं. मग ऐक. वर आता दोन लाखांच्या पुढे उपग्रह आहेत. मोठी दुर्बीण कुठेही वळवली तरी चित्रात त्यांच्या रेघा आणि चमका येतात. ते सगळं पुसलं नाही तर नकाशा बनणारच नाही. त्यामुळे आमचं यंत्र काय करतं, रेघ ओढत जाणारं असेल ते उपग्रह म्हणून पुसतं. एका जागी कमी-जास्त लुकलुकणारं असेल ते कुठल्यातरी गरगरणाऱ्या पत्र्याची चमक म्हणून पुसतं.”

“आणि लघुग्रह? तेही पुसता?”

“नाही, त्यांच्यासाठी वेगळी चाळणी आहे. लघुग्रह एका रात्रीत ताऱ्यांमधून थोडा सरकतो. सरळ, हळू सरकणारं काही सापडलं की ते वेगळं काढून ठेवायचं, शास्त्रज्ञांना कळवायचं.”

“आणि जे सरकत नाही, लुकलुकतं, आणि रोज थोडं वाढतं?”

“असं काही नसतं.”

“असतं,” रेश्मा म्हणाली. “आपण बंदरावर वाढलो. काळोखात समोरच्या बोटीचा दिवा डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकत असेल तर ती बाजूने जाणार. दिवा एकाच जागी राहून मोठा होत असेल तर ती कुठे जाणार असते?”

निनाद एवढंच म्हणाला, की कच्ची चित्रं, म्हणजे यंत्राने हात लावण्याआधीची, कुणी पाहू नयेत असा नियम आहे. त्यांत लष्करी उपग्रहांच्या जागा कळतात. शिवाय ती तीन दिवसांपलीकडे ठेवतच नाहीत, जागा पुरत नाही.

“तीन दिवसांची तर असतील,” ती म्हणाली. “पुष्याच्या खाली. एकदा बघ.”

“ताई, माझी नोकरी जाईल.”

“बघ आणि मला खोटं पाड. मी पुन्हा फोन करणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुकानात एका म्हातारीला चष्मा लावून देत असताना त्याचा फोन आला. रेश्मा तशीच बाहेर पायरीवर आली. निनादचा आवाज ओळखू येत नव्हता.

“ताई, तो आसा,” तो म्हणाला. कित्येक वर्षांनी तो तिच्याशी मालवणीत बोलत होता. “तिन्ही दिवस आसा. चार वेगवेगळ्या देशांच्या दुर्बिणींत आसा. सगळीकडसून आम्ही तो पुसलो.”

रेश्मा आत गेली. म्हातारीने विचारलं, नंबर बरोबर आहे ना. रेश्माने हो म्हटलं आणि पैसे घ्यायचं विसरली.

निनादने तिची चित्रं आणि स्वतःकडची चित्रं एकत्र करून ठिपक्याचा मार्ग मांडला. अंदाजे ऐंशी मीटरचा दगड, वेडावाकडा, गरगरणारा, म्हणूनच लुकलुकणारा. सरळ पृथ्वीच्या दिशेने येत असल्यामुळे ताऱ्यांमधून जवळजवळ न सरकणारा. जगबुडी करण्याएवढा तो मोठा नव्हता, पण हवेत फुटला तरी खालचा एखादा जिल्हा सपाट करण्याइतका होता. येत्या आठवड्यात, रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर तो पोचणार होता. कुठे, ते नक्की सांगता येत नव्हतं. फक्त एक पट्टा काढता येत होता, शंभरेक किलोमीटर रुंद, सोलापूरच्या पूर्वेपासून सांगली, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि पुढे समुद्रात दूरवर गेलेला. या पट्ट्यात कुठेही.

निनादने वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि आधी यंत्रातली चूक तपासू, मग योग्य ठिकाणी कळवू, असं म्हणाले. सरकारी यंत्रणेने पडताळणी केली ती आकाशपटावरच. नकाशात तिथे काही नव्हतं. जुन्या नोंदींतही काही नव्हतं. ‘शक्यता नगण्य’ असा शेरा मारून प्रकरण बाजूला ठेवण्यात आलं. दरम्यान जुनी कच्ची चित्रं रोज आपोआप पुसली जात होती.

शुक्रवारी निनादने उरलेली कच्ची चित्रं सगळ्या जगाला दिसतील अशी उघडी टाकली. त्याआधी त्याने रेश्माला फोन केला.

“माझ्या नावाने टाकतोय,” तो म्हणाला. “तुझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.”

“चित्रं मी काढली आहेत.”

“तू तिथे राहतेस, ताई. तुला लोकांत राहायचंय.”

तासाभरात कंपनीने जाहीर केलं, की ही चित्रं बनावट आहेत आणि संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई होईल. लोकांनी फोन आकाशाकडे धरून आकाशपट उघडला. पुष्य नक्षत्र स्वच्छ दिसत होतं. विषय संपला.

विश्राम तेव्हा समुद्रात होता. फोन तिथेही लागायचा. त्यासाठीच तर ते उपग्रह होते. रेश्माने त्याला सगळं सांगितलं. मागे इंजिनाचा आवाज येत होता.

“माका सरळ सांग,” शेवटी तो म्हणाला. “किनारो बरो काय दर्या?”

“दोनय नाय. दोनय त्याच पट्ट्यात आसत. तू उत्तरेक जा. रत्नागिरीच्या वर. घराक येव नको, सरळ उत्तरेक.”

“तुका खात्री आसा?”

“ठिपक्याची आसा. जाग्याची नाय.”

“जाळी टाकलेली आसत.”

“तोडून टाक.”

“बरा,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आयुष्यात त्याने कधी जाळी तोडली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी जयवंत तारी गच्चीवर आला. विश्रामचा लहानपणापासूनचा दोस्त, पलीकडच्या आळीत राहणारा. त्याची बोट पहाटे निघणार होती. विश्रामने त्यालाही फोन करून उत्तरेला जायला सांगितलं होतं, आणि तेच विचारायला तो आला होता. रेश्माने दुर्बिणीचा कॅमेरा काढून डोळ्याने बघायचं भिंग बसवलं. ठिपका आता एवढा वाढला होता की कॅमेऱ्याची गरज उरली नव्हती.

जयवंत वाकून बराच वेळ बघत राहिला.

“तो खालचो? मंद आसा तो?”

“तोच.”

त्याने खिशातून फोन काढला, आकाशपट उघडला, पुन्हा दुर्बिणीत बघितलं, पुन्हा फोनमध्ये. “नकाशात तर काय नाय, वहिनी.”

“नकाशात तो पुसलेलो आसा, भावजी.”

“इतक्या लोकांक दिसूक नाय आणि तुमका दिसलो?” तो टोमणा मारत नव्हता, खरोखरच विचारत होता. “ह्या एवढ्या ठिपक्याक भिवान मी बोट बांधून ठेवू? खलाशांका काय सांगू?”

रेश्माने त्याला निनादची गणितं सांगितली, पट्टा सांगितला. तो मान हलवत ऐकत होता. जाताना म्हणाला, “मी लांब जातंय ह्या खेपेक. पट्ट्याच्या भायेर पडान. काळजी करू नकात.”

लांब म्हणजे पश्चिमेला. पट्टाही पश्चिमेलाच जात होता. तिने ते पुन्हा सांगितलं. तो बरं म्हणाला. पहाटे त्याच्या बोटीचं इंजिन सुरू झालेलं तिला घरात ऐकू आलं.

रविवारी दुपारी परिस्थिती बदलली. निनादची चित्रं पाहून एका डोंगराळ देशातल्या छोट्या वेधशाळेने आपली दुर्बीण, यंत्राला मध्ये न घेता, तिथे वळवली आणि ठिपका आहे असं जाहीर केलं. मग एकामागून एक सगळ्यांनाच तो दिसू लागला. संध्याकाळच्या तोंडावर जिल्हाधिकारी कार्यालयाचे भोंगे वाजले. लोकांनी खिडक्यांपासून दूर राहावं, जमिनीवर पालथं पडावं. समुद्रातल्या बोटींसाठी वेगळा संदेश गेला. घाईत तो वादळासाठी आधीच लिहून ठेवलेलाच संदेश होता: सर्व बोटींनी ताबडतोब किनाऱ्याकडे परतावं.

रेश्माने तो रेडिओवर ऐकला. तिने जयवंतला फोन लावला. लागला नाही. मालवणातल्या प्रत्येकाने त्या वेळी कुणाला तरी फोन लावला होता. ती लावत राहिली.

सूर्य बुडून तासाभराने सह्याद्रीच्या बाजूने एक प्रकाश उगवला. ती घरात, भिंतीला पाठ लावून बसली होती. खिडकीच्या फटींतून आलेल्या उजेडात खोलीतली प्रत्येक वस्तू निळी-पांढरी झाली आणि सगळ्या सावल्या एकाच दिशेने जमिनीवरून पळत गेल्या. प्रकाश डोक्यावरून गेला, समुद्राकडे. क्षणभर तिला वाटलं, निघून गेला. मग पश्चिमेला दुपारसारखं उजाडलं.

आवाज यायला काही मिनिटं लागली. तो आल्यावर शहरातल्या सगळ्या काचा फुटल्या. तिच्या दुकानात एक भिंग शिल्लक राहिलं नाही.

दगड समुद्रावर फुटला होता, किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. मालवणमध्ये छपरं उडाली, भिंती पडल्या, माणसं जखमी झाली, पण बहुतेक वाचली. समुद्रातल्या बोटींचं तसं झालं नाही. जयवंत खरोखरच खूप लांब गेला होता. जिथे होता तिथेच राहिला असता तर वाचला असता. संदेश ऐकून त्याने बोट वळवली होती आणि किनाऱ्याकडे येताना स्फोटाच्या बरोबर खाली सापडला. त्याच्यासारख्याच आणखी बोटी होत्या. सापडली ती फळकुटं आणि प्लास्टिकची पिंपं.

विश्राम दोन दिवसांनी परतला. त्याने संदेश ऐकला होता आणि मानला नव्हता. धक्क्यावर उतरल्यावर रेश्माच्या खांद्यावर हात ठेवून तो तसाच जयवंतच्या घरी गेला आणि दाराशी बसून राहिला.

रेश्मा जयवंतच्या बायकोला, मनालीला, भेटायला गेली. मनाली रडत नव्हती. तिने एकच विचारलं.

“संदेश गेलो नसतो तर?”

निनादने चित्रं उघडी टाकली नसती तर संदेश गेला नसता. रेश्माने निनादला गाठलं नसतं तर चित्रं उघडी पडली नसती. पण मग भोंगेही वाजले नसते आणि उघड्या रस्त्यावर, काचांसमोर उभे असलेले लोक मेले असते. रेश्माला हे सगळं माहीत होतं. त्यातलं काहीही त्या घरात बोलण्यासारखं नव्हतं.

“म्हायत नाय,” ती म्हणाली.

महिन्याभराने निनाद मालवणला आला. नोकरी गेली होती, गुप्त माहिती फोडल्याचा खटला उभा राहिला होता, आणि वर्तमानपत्रांत त्याचा सत्कारही झाला होता. त्याने फुटलेल्या खिडक्यांना प्लास्टिक ठोकायला मदत केली. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्याने तिच्यासमोर टॅब ठेवला. आकाशपटावरची त्या रविवारची संध्याकाळ. लाखो लोकांनी पाहिलेल्या त्या प्रकाशाचा मागमूस नव्हता. तारे शांत होते.

“अजून पुसतं?” तिने विचारलं.

“सुधारलंय म्हणतात. कच्ची चित्रं आता कुणालाच बघता येत नाहीत, म्हणजे खरं-खोटं कोण ठरवणार.” त्याने टॅब बाजूला सारला. “ताई, दुसरं एक आसा. मी तीन दिवसांची चित्रं काढलंय ना, ती फक्त पुष्याची नव्हती. सगळ्या आकाशाची होती. निवांत बसून तपासलंय. तसे आणखी ठिपके आसत. सरकत नाय असे.”

“किती?”

“काही नुसत्या चमका असतील. बहुतेक चमकाच. पुढच्या दिवसांची चित्रं असल्याशिवाय सांगता येणार नाय. आणि ती माझ्याकडे नाहीत.”

“कुणाला सांगितलंस?”

“सगळ्यांना. मी आता खटल्यातला आरोपी आहे. ऐकून घेतात.”

रेश्मा तेव्हापासून त्याने दिलेल्या जागा एक-एक करून तपासू लागली. तिच्या दुर्बिणीला एका वेळी, हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान एवढं आकाश दिसायचं. पुण्याहून, नाशिकहून, धारवाडहून काही हौशी लोक तिला येऊन मिळाले. विकलेल्या दुर्बिणी त्यांनी परत विकत घेतल्या होत्या. सगळे मिळूनही आकाशाचा एक कोपराच होत होता.

बंदरावर हे कळलं होतं. मासेमारी पुन्हा सुरू झाली तसं लोक तिच्या दुकानात येऊ लागले. चष्म्याचं निमित्त करायचे, काड्या सैल झाल्यात म्हणायचे, आणि जाता जाता विचारायचे, उद्या निघतोय, सगळं ठीक ना. सुरुवातीला ती खरं सांगायची, की आपल्याला फारच थोडं दिसतं. ते ऐकून माणसं तशीच उभी राहायची. घरी पोरं आहेत, बोटीचं डिझेल भरलंय, आणि ही बाई नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. एकदा विश्राम तिला म्हणाला, “तू तसा सांगतंस तेव्हा ते रात्रभर झोपत नाय आणि पहाटे जातत तर जाततच.” त्यानंतर ती नुसतं “जावा” म्हणू लागली. विश्रामही विचारायचा. त्यालाही तेच सांगायची.

वैशाखात, हंगाम संपत आला असताना, मनाली दुकानात आली. त्या दिवसानंतर प्रथमच. ती काउंटरपाशी उभी राहिली, बसली नाही.

“माझो भाव जाता उद्या,” ती म्हणाली. “मी त्याका सांगितलंय, रेश्माक इचारल्याशिवाय पाठवचंय नाय.”

रेश्माने हातातली फ्रेम खाली ठेवली. आठवडाभर मळभ होतं. तिने एकदाही दुर्बीण उघडली नव्हती, आकाशाचा एक तुकडाही पाहिला नव्हता. नाशिकवाल्यांकडेही ढग होते.

मनाली तिच्या तोंडाकडे बघत होती.

“पाठव,” रेश्मा म्हणाली.